कुटीर नव्हे, क्वार्टर

‘कॉटेज’ या एका इंग्रजी शब्दाने मराठी वाचकाची जेवढी दिशाभूल केली आहे, तेवढी फार थोड्या शब्दांनी केली असेल. आपल्याकडे तो शब्द आला तो कवितेतून. त्याच्याबरोबर वेलींनी झाकलेली भिंत आली, धुराडे आले, दारातील फुलझाडे आली आणि या सर्वांवर पसरलेला एक मंद, सोनेरी प्रकाश आला. शब्दकोशकारांनी त्याला ‘झोपडी’, ‘कुटीर’, ‘खोपटे’ असे पर्याय दिले. ‘झोपडी’त दारिद्र्य आहे, ‘कुटीर’मध्ये आश्रमाची शांतता आहे, ‘खोपट्या’त शेताचा वास आहे. यांपैकी एकाही शब्दात मालक नाही, नोकरी नाही, आणि नोकरी गेल्यावर घर रिकामे करण्याची अटही नाही. परंतु इंग्लंडमध्ये ज्यांना कॉटेज म्हणतात त्यांपैकी एका मोठ्या वर्गाचा अर्थ नेमका याच तीन गोष्टींत दडलेला आहे. मराठीत त्याला चपखल शब्द आहे आणि तो रेल्वेने, पोलीस खात्याने व पाटबंधारे खात्याने घरोघर पोहोचवला आहे. तो शब्द म्हणजे ‘क्वार्टर’.

हा भेद कोशातला नाही, वाचनाच्या पद्धतीतला आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते सिद्ध करण्यासाठी आम्ही एक अगदी लहान इमारत निवडली आहे. इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या कालव्याच्या काठी कालव्याच्या राखणदारांसाठी बांधलेली घरे आहेत. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना स्ट्रॅटफर्ड हे नाव वेगळ्या कारणाने पाठ असते. त्या कारणाकडे आम्ही येणारच आहोत.

१.

प्रथम वस्तुस्थिती. या कालव्याला पार्लमेंटने १७९३ साली परवानगी दिली. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस किंग्ज नॉर्टन येथे त्याचा आरंभ होतो. पैसा संपत गेला, काम थांबत गेले. १८०२ साली कालवा कसाबसा किंग्जवुडपर्यंत पोहोचला आणि तेथे दुसऱ्या कालव्याला जोडला गेला. पुढचा दक्षिणेकडील भाग हाती घेतला गेला तो थेट १८१२ मध्ये. विल्यम व्हिटमोर हा त्या भागाचा अभियंता. या उद्योगामागची हिकमती शक्ती म्हणजे हेन्ली-इन-आर्डनचा विल्यम जेम्स. हाच गृहस्थ पुढे लोहमार्गांचा आद्य प्रचारक झाला आणि कर्जबाजारी होऊन तुरुंगातही गेला. २४ जून १८१६ रोजी कालवा स्ट्रॅटफर्डला एव्हन नदीस मिळाला. एकूण लांबी सुमारे साडेपंचवीस मैल. त्यांपैकी दक्षिणेकडील भाग सुमारे तेरा मैलांचा, आणि तेवढ्यात छत्तीस लॉक. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून वा सोडून नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात.

राखणदारांची घरे याच दक्षिण भागात आहेत. मूळ घर एकमजली, विटांचे, मोजक्या खोल्यांचे. त्याचे वैशिष्ट्य छपरात आहे. त्याला तुळया नाहीत, वासे नाहीत, कौले नाहीत. एका बाजूच्या भिंतीवरून उठून दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर उतरणारी विटांची सलग कमान हेच छप्पर. पिंप आडवे कापून घरावर पालथे घालावे तसे ते दिसते. मराठी वाचकाला याचे शास्त्रीय नाव ठाऊक आहे: गजपृष्ठाकार छत. कार्ले-भाज्याची चैत्यगृहे पाहिलेल्याला आकार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कार्ल्याला पाषाण लाकडाचे अनुकरण करतो, आणि त्या पाषाणाखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत, ज्या कोणताही भार पेलत नाहीत. वॉरिकशरच्या या घरांत उलटा प्रकार आहे. तेथे विटेने लाकडाला घराबाहेर काढले आहे आणि भार पेलण्याचे सगळे काम स्वतःकडे घेतले आहे. अशी सहा घरे आज उभी आहेत. त्यांपैकी काहींना नंतरच्या रहिवाशांनी व मालकांनी खोल्या जोडल्या, त्यामुळे मूळ कमान आता एखाद्या मोठ्या घराच्या कडेला चिकटलेली दिसते.

या घरांत राहणाऱ्या माणसाला ‘लेंग्थ्समन’ म्हणत. कालव्याची ठरावीक लांबी त्याच्या स्वाधीन असे, म्हणून हे नाव. आपल्या रेल्वेचा गँगमन जसा ठरलेल्या अंतरापुरता रुळांना जबाबदार असतो, तसा हा पाण्याला जबाबदार. बांधाला गळती लागली का पाहणे, मळलेल्या चिकणमातीचा थर कोठे फुटला तर तो पुन्हा लिंपणे, तण काढणे, कुंपण राखणे, सांडव्यावरून किती पाणी जाऊ द्यायचे ते ठरवणे, हिवाळ्यात बर्फ फोडणे, लॉकचे दरवाजे आणि त्यांच्या झडपा धडधाकट ठेवणे, ही त्याची कामे. एका नावेने लॉक ओलांडला की साधारण एक लाखाहून अधिक लिटर पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर जाते. कंपनीचे खरे भांडवल पाणी होते, आणि ते रात्रीही गळते. म्हणूनच राखणदाराचे घर गावात नाही, लॉकच्या काठावर आहे. गावापासून, चर्चपासून, बाजारापासून ते दूर आहे. चित्रकाराला जी ‘एकांतातील रमणीयता’ वाटते, ती कंपनीच्या दृष्टीने चोवीस तासांची हजेरी होती.

२.

या छपराविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. कालव्यावरील सहलीच्या पुस्तिकांत ती आहे, वारसास्थळांच्या फलकांवर तिचे पडसाद आहेत, आणि तिकडे जाऊन आलेले आपले लोकही ती मोठ्या कौतुकाने सांगतात. गोष्ट अशी: कालवा बांधणाऱ्यांना पूल बांधणे तेवढे ठाऊक होते, घरे बांधणे ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी पुलासारखी कमान उभारली, तिच्या दोन्ही तोंडांना भिंती घातल्या आणि त्यालाच घर म्हटले.

गोष्ट चटकदार आहे. लक्षात राहते. आणि ती अपमानकारक आहे.

जरा विचार करू. लॉकचा दरवाजा ही सुतारकामातील अत्यंत कठीण वस्तू होय. शेकडो मणांचे ओक लाकूड पाण्याच्या दाबाखाली असे मिटले पाहिजे की फटीतून धार लागू नये, आणि तरीही एका माणसाला ते पाठीने ढकलून उघडता यावे. असे छत्तीस लॉक ज्यांनी तेरा मैलांत उभे केले त्यांना दोन उतारांचे साधे छप्पर घालता येत नव्हते, यावर विश्वास ठेवायचा का? ज्या गवंड्यांनी विटेवर वीट रचली ते आसपासच्या खेड्यांत लहानाचे मोठे झाले असतील, तर ते कौलारू घरांतच झाले असणार. घर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही असा गवंडी जगाच्या पाठीवर कोठे असतो?

दुसरा मुद्दा अधिक तांत्रिक, पण निर्णायक आहे. कमान नेहमी बाहेर ढकलते. पुलाच्या कमानीचा हा रेटा दोन्ही काठांची जमीन झेलते. घराला काठ नसतात. तेथे रेटा झेलायला केवळ भिंत असते. म्हणजे पूल बांधता येतो एवढ्या ज्ञानावर असे घर उभे राहू शकत नाही. भिंतीची जाडी किती, कमानीचा उठाव किती, खोलीची रुंदी किती, हा हिशेब घरासाठी नव्याने करावा लागतो. तो ज्याने केला त्याच्या नावे आपण नोंद काय करतो? तर अज्ञान.

मग कमानच का? कंपनीकडे पैसा नव्हता, हे कालव्याच्या या भागातील प्रत्येक बांधकाम ओरडून सांगते. येथील शेतरस्त्यांवरचे पूल पाहा. नाव ओढणाऱ्या घोड्याला पुलाखालून जाण्यासाठी काठाचा रस्ता सोडावा लागतो, म्हणजे पूल रुंद आणि महाग होतो. येथे पूल अरुंद ठेवला, ओतीव लोखंडाचे दोन अर्धे भाग दोन्ही काठांवरून पुढे आणले आणि मध्ये बोटभर फट ठेवली. घोडा बाहेरून जातो, दोर त्या फटीतून निघून जातो. त्याच वृत्तीचे अपत्य म्हणजे एड्स्टनचा लोखंडी जलसेतू. लांबी सुमारे ४७५ फूट, इंग्लंडमधील याच जातीच्या सेतूंमध्ये सर्वांत लांब. त्यावरचा घोड्याचा रस्ता पाण्याच्या पातळीवर नाही, तर पन्हळीच्या तळाच्या पातळीवर आहे. काटकसर आणि कल्पकता येथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

शिवाय काळ पाहा. १८१२ ते १८१६ म्हणजे नेपोलियनशी चाललेल्या युद्धाची अखेरची वर्षे आणि त्यानंतरची मंदी. बाल्टिक समुद्रामार्गे येणाऱ्या इमारती लाकडाची वाट युद्धाने अडवली होती, त्यावरील जकातही वाढत गेली होती. विटांवरही कर होता, हे खरे. परंतु पुलांसाठी, लॉकसाठी विटा लागतच होत्या, त्या रचणारे हात कामावर होतेच, आणि कमान रचताना खाली आधाराला लागणारा लाकडी साचा कसा उभारायचा, कसा काढून पुढच्या जागी न्यायचा, हेही त्यांना अवगत होते. जे हाताशी आहे त्यातून, जे दुर्मिळ आहे ते वगळून, भक्कम छप्पर घालणे हा निर्णय आहे. आमच्या मते तो उत्तम निर्णय आहे. ‘त्यांना दुसरे येत नव्हते’ असे म्हणणे म्हणजे निर्णय घेणाऱ्याकडून निर्णयच काढून घेणे होय.

३.

कोणी म्हणेल की हा उपयोगितेचा प्रश्न आहे. कालव्याच्या घरात शैली कसली शोधता? यास उत्तर म्हणून आम्ही त्याच काळातील आणखी दोन कालव्यांकडे बोट दाखवतो.

टेम्स आणि सेव्हर्न या दोन नद्यांना जोडणारा कालवा १७८९ मध्ये पूर्ण झाला. त्याचा अभियंता जोसाया क्लोज. पुढे स्ट्रॅटफर्ड कालव्याचे सुरुवातीचे कामही त्यानेच पाहिले. टेम्स-सेव्हर्न कालव्यावर राखणदारांसाठी पाच गोल घरे बांधली गेली. बुरुजासारखी, तीन मजल्यांची: खाली तबेला व कोठार, मध्ये राहण्याची खोली, वर निजायची. त्यांपैकी काहींचे छप्पर उलट्या शंकूसारखे होते, म्हणजे पावसाचे पाणी मध्यभागी गोळा व्हावे. दुसरा कालवा ग्लॉस्टर ते शार्पनेसचा, १८२७ साली खुला झालेला. त्यावर पूल उघडणाऱ्या-मिटणाऱ्या राखणदारांची घरे चिमुकली, पण दर्शनी बाजूला डोरिक खांबांची जोडी आणि वर त्रिकोणी शीर्ष! ग्रीक देवळाचा मुखवटा आणि मागे नोकराच्या खोल्या.

एकच काम, एकाच दर्जाचा माणूस, जवळजवळ एकच पिढी. आणि तीन कंपन्यांची तीन रूपे. उपयोगितेनेच सारे ठरत असते तर ती तिन्ही सारखी झाली असती. म्हणजे येथे रूप आहे, आणि ते बोलते. ग्लॉस्टरचे खांब नावेतून जाणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलतात: आमची कंपनी प्रतिष्ठित आहे, तुमचा माल सुरक्षित आहे. गोल बुरूज लांबून दिसतो आणि लांबवर पाहतो. स्ट्रॅटफर्डची कमान मात्र कोणाची मनधरणी करीत नाही. तिथे कंपनीला दिखाऊपणा परवडत नव्हता. म्हणूनच बांधणाऱ्याची बुद्धी मुखवट्याविना उघडी दिसते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये दुसऱ्या प्रकारची ‘कॉटेजे’ बांधली जात होती. ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची नऊ घरांची वस्ती १८११ च्या सुमारास जॉन नॅश या नामांकित वास्तुरचनाकाराने एका श्रीमंत बँकरसाठी उभी केली. निवृत्त नोकरांनी तेथे राहावे अशी योजना. एकही घर दुसऱ्यासारखे नाही, प्रत्येकाचे धुराडे निराळे नखरे करते, छपरे मुद्दाम ओबडधोबड केलेली. ती घरे रमणीय आहेत याविषयी आमचा वाद नाही. त्यातही निवृत्त नोकराला आसरा मिळाला, हेही मान्य. परंतु आपल्या मनात ‘कॉटेज’ म्हणून जे चित्र रुजले आहे ते या शाळेतले आहे: मालकाच्या सौंदर्यदृष्टीला साजेल अशी गरिबी. लॉकच्या काठची घरे त्या शाळेत कधी गेलीच नाहीत. आज मात्र दिनदर्शिकांच्या छायाचित्रांत दोन्ही एकाच पानावर, एकाच शीर्षकाखाली येतात, आणि साहित्याचे वाचक म्हणून आपणही काही हरकत घेत नाही.

४.

आता स्ट्रॅटफर्डकडे.

हा कालवा शेवटी ज्या पाणवठ्यात उतरतो त्याच्या शेजारीच १९३२ साली उभारलेले शेक्सपियरचे नाट्यगृह आहे. साहित्याचा यात्रेकरू तेथून काही पावलांवर हेन्ली स्ट्रीटवरील जन्मस्थान पाहतो. ते घर १८४७ साली लिलावात ३,००० पौंडांना राष्ट्राच्या वतीने विकत घेतले गेले. मग तो शॉटरीला ‘अ‍ॅन हॅथवेज कॉटेज’ बघायला जातो. ते १८९२ मध्ये शेक्सपियर-न्यासाने घेतले. त्याला कॉटेज म्हणत असले तरी ते बारा खोल्यांचे, जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्याचे घर आहे. मराठीत आपण त्याला सरळ ‘वाडा’ म्हटले असते. आणि शेवटी विल्मकोट या खेड्यात, जेथून हाच कालवा अकरा लॉकच्या पायऱ्यांनी खाली उतरतो, तेथे तो शेक्सपियरच्या आईचे घर पाहतो. १९३० मध्ये न्यासाने विकत घेतलेल्या ज्या घराला ‘मेरी आर्डनचे घर’ म्हणून दशकानुदशके वंदन झाले, ते तिचे नव्हतेच. शेजारच्या पामर नावाच्या शेतकऱ्याचे होते, आणि खरे घर पलीकडचे साधे दिसणारे होते, हे २००० साली कागदपत्रांवरून सिद्ध झाले.

या चुकीबद्दल आम्ही कोणाची टर उडवीत नाही. संशोधनाने चूक दुरुस्त झाली, हे योग्यच झाले. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्या गोष्टीने. एका लेखकाच्या आईचे घर उजवीकडचे की डावीकडचे, हे शोधण्यासाठी दप्तरे उलथली गेली. तेथून हाकेच्या अंतरावर वाहणाऱ्या कालव्याच्या घरांबाबत मात्र ‘बिचाऱ्यांना पुलाखेरीज काही बांधता येत नव्हते’ एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. एकाच्या बाबतीत प्रत्येक विटेला हेतू आहे, दुसऱ्याच्या बाबतीत संपूर्ण छपरालाही हेतू नाही.

हा वास्तुशास्त्राचा प्रश्न नाही. हा कर्तृत्वाचा, म्हणजे साहित्याच्या माणसांचा प्रश्न आहे. आपण वर्गात एखाद्या सुनीतातील स्वल्पविरामामागे हेतू शोधतो. लोकगीत आले की त्याच वर्गात ‘सहजस्फूर्त’, ‘निरागस’, ‘मातीतून उगवलेले’ असे म्हणतो. जात्यावरच्या ओवीत बाईने उपमा निवडली, तोलली, नाकारली, बदलली असेल, हे आपल्या तोंडून निघत नाही. राखणदाराच्या घराची ती चटकदार गोष्ट याच कुळातील आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला बुद्धी नव्हती असे गृहीत धरण्याची ही रीत. नाव नोंदले न जाणे हा दप्तराचा दोष. त्यावरून हेतू नव्हता असे म्हणणे हा वाचकाचा दोष.

५.

घराची मालकी पाहिली तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. कालवा कंपनी १८५० च्या दशकात एका रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेली, १८६३ मध्ये तिच्याबरोबर ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे, १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरणाने सरकारकडे. रेल्वेला कालव्यात रस असण्याचे कारण नव्हते. तो हळूहळू गाळाने भरला. १९५८ साली परगण्याच्या प्रशासनाने तो कायमचा बंद करण्याची मागणी केली. कालवा तीन वर्षांत वापरलाच गेला नाही, असा युक्तिवाद होता. लहान होड्या वल्हवणाऱ्या हौशी मंडळींनी जकातीची ताजी पावती पुढे केली आणि तो कोसळला. १९६० मध्ये नॅशनल ट्रस्टने कालवा भाडेपट्ट्याने घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक, सैनिक आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील कैदी यांनी तो उपसला, आणि ११ जुलै १९६४ रोजी राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. पुढे १९८८ मध्ये तो पुन्हा सरकारी जलमार्ग मंडळाकडे आणि २०१२ मध्ये आजच्या धर्मादाय न्यासाकडे आला.

या साऱ्या हस्तांतरणांत घर कंपनीचे, रेल्वेचे, सरकारचे, न्यासाचे झाले. राखणदाराचे ते कधीच झाले नाही. घर हा त्याच्या वेतनाचाच एक भाग होता आणि त्याच्या पायातील साखळीही. काम आहे तोवर छप्पर. आपल्याकडे गिरणीच्या खोलीत, साखर कारखान्याच्या वसाहतीत, धरणावरच्या क्वार्टरमध्ये ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. वडिलांच्या निवृत्तीची तारीख त्या घरात सर्वांना पाठ असते, कारण तीच घर सोडण्याची तारीख असते. म्हणूनच आम्ही म्हणतो, की ‘कुटीर’ हे भाषांतर चुकीचे आहे.

आज या सहापैकी लोसनफर्डचे घर लँडमार्क ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि सुटीसाठी भाड्याने मिळते. संस्थापक सर जॉन स्मिथ यांनीच नॅशनल ट्रस्टला हा कालवा घ्यायला लावले होते. कालव्याच्याच काठचे टेल्फर्डने बांधलेले एक घर पाडले गेले, त्या सलाने त्यांनी १९६५ मध्ये ही संस्था काढली, असे संस्थेचा इतिहास सांगतो. संस्थेने नंतरच्या भरतीतून जुनी कमान पुन्हा दिसू लागेल अशी निगुतीने दुरुस्ती केली. २०१५ साली संस्थेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने पाच ठिकाणी मानवी आकाराचे लोखंडी पुतळे एक वर्षासाठी उभे केले. त्यांतील एक लोसनफर्डला, या घराजवळ, कालव्याच्या काठी उभा होता. ज्या जागी कामाचा माणूस उभा असे, तेथे बिनकामाचा लोखंडी माणूस! शिल्पकाराचा हेतू काय होता तो असो. त्या जागेचा एवढा नेमका सारांश कोणत्याही फलकाला साधला नसता.

येथे आमच्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला: भाड्याने दिले नसते तर घर कोसळले असते. मान्य. कालव्याला आता पूर्वीइतके राखणदार लागत नाहीत, आणि रिकामे घर इंग्लंडच्या ओलीत फार काळ तग धरीत नाही. सुटीच्या भाड्याने छप्पर शाबूत राहते हे सत्य आहे, आणि या संस्थेने ते मन लावून केले, हेही. आमची तक्रार पाहुण्याच्या वास्तव्याबद्दल नाही. पाहुण्याला हातात जी संहिता दिली जाते तिच्याबद्दल आहे. घर जतन झाले. त्या घराचे वाक्य अर्धे राहिले. ‘येथे शांतता लाभते’ या वाक्याला ‘कारण येथे एक माणूस रात्री-अपरात्री पाण्यावर पहारा देत असे’ हा उत्तरार्ध जोडल्याने कोणाची सुटी बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: तुम्ही एका चौकीवर श्रमाचे अवजड तत्त्वज्ञान लादता, राखणदारालाही ते घर सुंदर वाटले असेल, त्याच्या मुलांनी तेथे सुखाचे दिवस काढले असतील. नक्कीच असतील. घरावर प्रेम करण्यासाठी त्याचा मालक असावे लागत नाही. परंतु त्याचे सौंदर्य पाहणाऱ्याने काय गाळायचे ते ठरवून मिळवलेले नव्हते. पाण्याची पातळी बोटभर उतरली तरी ज्याला ते दिसते, त्याचे निसर्गप्रेम चित्रकाराच्या निसर्गप्रेमाहून कमी नसते, फक्त जास्त जबाबदार असते. श्रमाचा उल्लेख आला की सौंदर्य नष्ट होते, ही समजूत ज्या वाचनपद्धतीची आहे तिच्याशीच आमचा झगडा आहे.

६.

प्रश्न शेवटी आपल्या वर्गखोल्यांचा आहे. महाराष्ट्रातील इंग्रजीचे वर्ग रोमँटिक कवींच्या निसर्गावर तासन्‌तास बोलतात. त्या निसर्गातून त्याच वर्षांत कालवे खणले जात होते, हे आपण क्वचितच सांगतो. मराठीचे वर्ग ग्रामीण साहित्यावर बोलतात. पण पाटाचे पाणी ज्याच्या हातून शेतात येते त्या पाटकऱ्याला समीक्षेत जागा नाही. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या ही रीतसर पदे आहेत, गावाने नेमलेली. सरकारी कालव्यांवर चौक्या आहेत, क्वार्टर आहेत, त्यांतील कितीतरी आता दारे-खिडक्यांविना उभ्या आहेत. त्यांना वारसा म्हणायला कोणी येणार नाही, कारण त्यांचे छप्पर चित्रात शोभणारे नाही. नाव ओढणारा कालवा आणि शेत भिजवणारा पाट यांत फरक आहे, याचे भान आम्हाला आहे. पण पाण्यावर नेमलेल्या माणसाला पाण्याच्या काठी बांधून ठेवणारे घर दोन्हीकडे सारखेच आहे.

कोकणात ‘राखणदार’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली येतो. गावाची सीमा सांभाळणाऱ्या अदृश्य शक्तीला तो लावतात आणि तिचा मान चुकवत नाहीत. देवपण मिळालेल्या राखणदाराला नारळ देण्यात आपण तत्पर आहोत. पगारी राखणदाराला त्याच्या छपरामागील बुद्धीचे श्रेय द्यायला मात्र आपल्याला पुरावा हवा असतो, आणि पुरावा डोक्यावर विटांच्या कमानीच्या रूपाने उभा असला तरी आपण गोष्ट सांगून हसतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमची सूचना साधी आहे. यापुढे ‘कॉटेज’ हा शब्द कोठे भेटला, तर त्याचे भाषांतर करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: घर कोणाचे, त्यात कोण राहतो, आणि काम सुटले तर तो कोठे जातो? उत्तरे मिळाल्यावर खुशाल ‘कुटीर’ लिहावे. पुष्कळदा ‘क्वार्टर’ लिहावे लागेल. वाक्याची लय थोडी बिघडेल. बिघडू द्यावी.